अणूबाई आणि लाल पोटॅश

चंदनबाला उपाध्ये सांगलीच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायची. ती हसायला लागली की शेजारच्या गणिताच्या वर्गातली पोरंही हसत. कवठे महांकाळजवळच्या जैन शेतकरी घरातली ही मुलगी, बी.एस्सी. झाली की एखाद्या अडत्याच्या घरी सून म्हणून जाईल, असा घरच्यांचा होरा. पण तिनं अणुकेंद्राचा अभ्यास धरला तो धरलाच.

१९९९च्या ऑक्टोबरात तिचे मामा आप्पासो एसटीतून उतरले ते थेट प्रयोगशाळेत आले. पिशवीत मूठभर लाल पोटॅश.

"चंदना, गावात लय बोभाटा झालाय. पोखरणला बॉम्ब फुटल्यापास्नं लोकं कायबी बोलत्यात. म्हणं ह्यो पोटॅश परदेशातला, ह्यात अणूचा कचरा हाय! बाया पोत्याला हात लावंनात. द्राक्षाची छाटणी झालीया, खत कवा घालू?"

"अफवा असणार, मामा. पण बघूया."

गॅमा किरणं मोजणाऱ्या यंत्रापुढं तिनं पोटॅश ठेवलं. विद्यार्थ्यांनी आलेख काढला, तर एका जागी सुळका उभा! मामांनी चहाचा कप खाली ठेवला. "म्हंजी हाय की!"

चंदनबालाला अंदाज आला होता. पण "कशावरून, मॅडम?" असं तिच्या स्वानंदी नावाच्या विद्यार्थिनीनं विचारलं, तेव्हा नुसता अंदाज सांगणं तिला पटेना. ग्रंथालयातल्या जुन्या पुस्तकात मूलद्रव्याच्या नावावरून किरण सापडायचा; किरणावरून नाव शोधणं म्हणजे टेलिफोन डिरेक्टरीत नंबरावरून माणूस हुडकणं. मुंबईच्या एका चर्चासत्रात मात्र तिनं ऐकलं होतं, की अमेरिकेतल्या प्रयोगशाळेनं ही सगळी माहिती इंटरनेटवर ठेवलीय. सुळक्याच्या जागेवरून किरणाची ऊर्जा कळते; तो आकडा टाकायचा, नावं समोर!

मामा आणि स्वानंदीला घेऊन तिनं विश्रामबागेतलं बाळासोचं कॉम्प्युटर सेंटर गाठलं. मोडेम किरकिरला, लाइन लागली. तिनं आकडा टाकला. पान मुंगीच्या पावलानं उतरू लागलं आणि मध्येच थांबलं. वरच्या मजल्यावर बाळासोच्या आईनं दूधवाल्याला फोन लावायला त्याच लाइनीवरचा रिसीव्हर उचलला होता.

"आये, फोन ठिव खाली!" बाळासो जिन्यात जाऊन ओरडला. "बाईंचा अणू अडकलाय!"

दुसऱ्या खेपेला यादी पूर्ण उतरली. त्या ऊर्जेच्या आसपासची नावं बरीच होती. पण एकेकाचं अर्धायुष्य, म्हणजे निम्मे अणू विरायला लागणारा काळ, वाचत गेल्यावर बहुतेक मिनिटा-तासांत संपणारी निघाली. परदेशाहून बोटीनं येऊन गोदामात पडलेल्या पोटॅशमध्ये ती उरणार कुठली? टिकाऊ आणि पोटॅशात शोभणारं एकच नाव राहिलं: पोटॅशियम-४०. अर्धायुष्य सव्वाशे कोटी वर्षं. तिनं सीझियमचाही किरण पाहिला. अणुभट्टीचा कचरा असता तर तो दिसला असता. आलेखात त्या जागी काहीच नव्हतं.

"मामा, हे पृथ्वीच्या जन्मापासूनच तिच्यात आहे. केळ्यात आहे, द्राक्षात आहे, तुमच्या अंगातसुद्धा आहे."

"माज्या अंगात?"

"यंत्रापुढं बसवू?"

"नगं, नगं! इस्वास हाय माजा."

दुसऱ्या दिवशी तिनं गावी जाऊन हेच बायांना सांगितलं. धोंडुबाई सगळ्यांत पुढारलेली. तिनं मामांना खालून वरपर्यंत न्याहाळलं. "मालकाच्या अंगात हाय, आन् आमी त्यांच्यासंगं रोज बांधावर भाकरी खातोय. मग पोत्याला कशाला भ्यायचं गं?" बाया खो-खो हसल्या आणि पाट्या भरू लागल्या.

तेव्हापासून चंदनबालाचं नाव पंचक्रोशीत 'अणूबाई' पडलं. ती दर शनिवारी बाळासोकडं बसून तक्ते फ्लॉपीवर उतरवून घेई, आणि विद्यार्थी त्यावरून आपापले सुळके ओळखत. स्वानंदीनं तर पुढं हाच विषय घेतला.

लोकही काय काय तपासायला आणू लागले. एकदा निवृत्त सुभेदार लालासाहेब अंधारात चमकणारं जुनं मनगटी घड्याळ घेऊन आले. यंत्राचा आकडा भराभरा चढला. काट्यांवर रेडियमचा रंग होता. "हे हातात घालू नका, उघडूही नका," चंदनबालानं बजावलं.

सुभेदारांची छाती मात्र फुगली. "घरची म्हणत्यात, घड्याळ कवाच बंद पडलंय. बगा म्हणावं, चालूच हाय!"