वहिनींची जोडपदवी

हाती घेतलेलं एकही काम तडीला न नेता एवढी कामसू राहिलेली बाई आमच्या शेजारच्या वहिनींखेरीज अख्ख्या हिंदुस्थानात दुसरी सापडायची नाही. यात त्यांचा दोष तिळमात्र नव्हता. वहिनी मूळच्या कराडकडच्या, यजमान हवाई दलात, आणि दर तीन वर्षांनी बदली. देशाच्या संरक्षणासाठी माणसं हलवावी लागतात म्हणे. माझा मात्र पक्का समज आहे की वहिनींच्या एखाद्या वर्गाची परीक्षा जवळ आली की दिल्लीत कुणाला तरी त्याचा सुगावा लागत असे. जोधपूरला त्या शिवण शिकल्या; बाह्यांचा धडा यायच्या आत बदली झाली, म्हणून आजही त्या शिवतील ते बिनबाह्यांचं. जोरहाटला केक शिकल्या आणि आइसिंगच्या आदल्या आठवड्यात सामान बांधलं. तांबरमला तमिळ शिकल्या, पण भूतकाळाच्या पुढचं सगळं राहिलं. त्यामुळे तमिळमध्ये त्यांना फक्त होऊन गेलेल्या गोष्टी सांगता येतात. बी.ए.चं पहिलं वर्ष तर दोन विद्यापीठांत दोनदा करून झालं होतं, आणि दुसऱ्यानं पहिल्याचं मानलं नव्हतं.

चंदीगडला आल्यावर हवाई दलाच्या वसाहतीत जागा नव्हती, म्हणून त्या मोहालीत आमच्या सोसायटीत, आमच्याच मजल्यावर भाड्यानं राहायला आल्या. महिन्याभरात, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी, त्यांनी बालशिक्षण आणि समाजसेवा अशा तीन वर्षांच्या जोडपदवीला नाव घातलं. एक पदवी हाताला लागत नाही, म्हणून ह्यांनी दोन एकदम धरल्या! मी तसं म्हटल्यावर वहिनी गंभीरपणे म्हणाल्या, "अगं, एक निसटली तर दुसरी तरी हातात राहील." तसं होत नाही, दोन्ही मिळतात किंवा दोन्ही जातात, हे कारकुनानं त्यांना फी भरून झाल्यावर सांगितलं.

मग जी तीन वर्षं गेली त्यांत आमच्या मजल्यावर कुणाला मनासारखं रागावतासुद्धा आलं नाही. वहिनींच्या हातात निरीक्षणवही असायची. तिचा नियम असा की डोळ्यांना दिसेल तेवढंच लिहायचं, मनचं काही घालायचं नाही. मुलं हाताशी नसली की त्या मोठ्यांवर सराव करत. एकदा माझा नवरा भाजीवरून कुरकुरला. वहिनी समोरच बसल्या होत्या. त्यांनी लिहिलं, "ताट चार बोटं पुढे सरकवलं. कपाळाला तीन आठ्या. नंतर तीच भाजी दोनदा घेतली." नवऱ्यानं त्यांच्यासमोर जेवणं सोडलं. पदवीच्या दुसऱ्या अर्ध्या भागात लोकांशी कसं बोलावं हे शिकवत. समोरच्याला सल्ला द्यायचा नाही, त्याला बोलतं करायचं. भाजीवाला टमाटे महागल्याचं सांगायला लागला, तर वहिनी म्हणाल्या, "भैयाजी, इस बारे में आपको कैसा लगता है?" बिचाऱ्याला असं आजवर कुणी विचारलं नव्हतं. तो पाऊण तास बोलला, डोळे पुसले, आणि कोथिंबिरीची जुडी पैसे न घेता पिशवीत टाकली. त्यांची हिंदी म्हणजे कराडच्या मातीत लावलेलं हिंदीचं रोप होतं, पण मुलांना ती इतकी आवडे की आमच्या सोसायटीतली पंजाबी पोरं घरी "इकडे आओ ना" म्हणू लागली होती.

शेवटच्या सत्रात पाळणाघरात ठरावीक तास प्रत्यक्ष काम करायचं आणि तासांच्या तक्त्यावर तिथल्या संचालिकेची सही आणायची, की पदवी. पाळणाघर आयटी पार्कजवळ, माझं ऑफिसही तिथेच, म्हणून जाताना-येताना वहिनी माझ्या गाडीत असत. सही व्हायला अडीच आठवडे उरले असताना बदलीचा हुकूम आला. बंगळूर. त्या दिवशी वहिनी गाडीत बसल्या आणि कुठल्याशा सिनेमातली गोष्ट सांगावी तशा म्हणाल्या, "आली." यजमान पुढे गेले. सामान ट्रकनं गेलं. वहिनी रिकाम्या घरात एक गादी आणि एक पातेलं घेऊन राहिल्या. रविवारचं तिकीट होतं आणि शुक्रवारी तास पुरे होणार होते.

बुधवारी संध्याकाळी साडेपाचला मी त्यांना आणायला गेले, तेव्हा पाळणाघरात एकच मूल राहिलं होतं, मुलासारखे बारीक केस कापलेली चार वर्षांची मेहर. तिचे आईबाप वेगळे झालेले, मुलीच्या ताब्यावरून कोर्टात प्रकरण चालू, हे तिथे सगळ्यांना माहीत होतं. तेवढ्यात दारात एक आडदांड तरुण उभा राहिला. काखेत मेहरहून मोठं कापडी अस्वल.

"मेहर को लेने आया हूँ जी. मामा हूँ उसका."

संचालिकाबाई खूश झाल्या. त्यांनाही घरी जायचं होतं. वहिनींनी मात्र भिंतीवरची यादी पाहिली. मुलीला नेऊ शकणारी दोनच नावं, आई आणि आजी.

"आपका नाम यादी में नहीं है," वहिनी म्हणाल्या.

"याद नहीं है? तो याद करो ना! मैं कैनेडा से आया हूँ, सरप्राइज़ देने!"

"यादी, यादी! लिस्ट!"

एरवी मी हसून लोळले असते. पण वहिनींचा चेहरा पाहिला आणि हसू आलंच नाही. त्या माणसानं मोबाइलवर फोटो दाखवला. मेहरच्या आईच्या लग्नातला, तोही त्यात होता. वहिनी माझ्याकडे वळून मराठीत म्हणाल्या, "लग्नातला फोटो नवऱ्याकडच्यांजवळपण असणारच की. तू तिच्या आईला फोन लाव. लागला नाही तरी लावत राहा." मेहरला विचारण्यात अर्थ नव्हता. तो शेवटचा आला तेव्हा ती तीन महिन्यांची होती, असं तोच सांगत होता.

आईचा फोन बंद. तिच्या कंपनीत काही मजल्यांवर फोन बाहेर ठेवून जावं लागतं, हे मला ठाऊक होतं. मी कंपनीच्या स्वागतकक्षाला फोन केला. "बताते हैं जी," एवढंच उत्तर आलं. इकडे त्या माणसाचा आवाज चढला होता. संचालिकाबाई वहिनींना बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाल्या, "आपके घंटों पर साइन मुझे करना है. सोच लीजिए."

वहिनींनी काय सोचलं ते मला दिसलं नाही. दिसलं ते एवढंच की त्यांनी मेहरला उचललं, आतल्या खोलीत गेल्या आणि आतून कडी लावली.

तो माणूस दारावर मूठ आपटू लागला. मी खिडकीशी धावले. आत वहिनी दाराला पाठ लावून जमिनीवर बसल्या होत्या, मांडीवर मेहर, पुढ्यात मळलेली माती. दारावर धाडकन आवाज झाला की वहिनी डोळे मोठे करून विचारत, "कौन चला?" मेहर ओरडे, "हाथी!" आणि मातीची एक गोळी ओळीत ठेवली जाई. पुन्हा धाडकन. पुन्हा हाथी. त्या पोरीला हसू आवरत नव्हतं. प्रत्येक धक्क्याला वहिनींची पाठ मात्र दारावरून हलत होती, आणि त्या घामानं निथळत होत्या. मी फोन लावत होते. सव्वासहापर्यंत गोळ्यांची रांग भिंतीला टेकली.

मेहरची आई धावत आत आली आणि थबकली. मी तिचा चेहरा पाहत होते, सगळं त्यावरूनच ठरणार होतं.

"वीरे?" ती म्हणाली, आणि हातातली पर्स त्याच्या खांद्यावर हाणून त्याच्या गळ्यात पडून रडायला लागली.

खरोखरच मामा होता! सख्खा, चार वर्षांनी आलेला. मेहर बाहेर आल्यावर आईनं विचारलं, "डर गई थी, बेटा?" मेहर म्हणाली, "किससे?" आणि अस्वलाकडे गेली. मामा भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. संचालिकाबाईंनी सगळ्यांदेखत वहिनींना सांगितलं, "आप कल से मत आइए."

परतताना गाडी मध्य मार्ग या रस्त्यावर सिग्नलला थांबली, तेव्हा वहिनी म्हणाल्या, "मी चुकले नाही. पण त्याचा चेहरा बघितलास? चार वर्षं भाचीला बघायचं मनात धरून आला होता गं तो."

"वहिनी, आणि तुमची सही?"

"उद्या नऊला निघू," त्या म्हणाल्या.

गुरुवारी त्यांना कुणी आत घेतलं नाही. त्या फाटकाबाहेरच्या बाकावर वही उघडून बसल्या. मी ऑफिसला न जाता गाडीत बसून राहिले. साडेनऊला मेहरची आई आणि मामा आले. आईनं वहिनींचा हात दाबला आणि ती संचालिकाबाईंच्या खोलीत गेली. ती आत काय बोलली हे आम्हांला कधीच कळलं नाही. मामा बाहेर पाळणाघराच्या कारकुनापाशी, यादीत नाव घालायला उभा होता. कारकुनानं दोन फोटो मागितले, तो एकच घेऊन आला होता, आणि "बहन सामने बैठी है जी!" म्हणून पुन्हा तापत होता. वहिनी बाकावरून उठल्या आणि त्याला म्हणाल्या, "भैया, कल आपको बहुत बुरा लगा होगा." तो गडी कारकुनाला सोडून त्यांच्याकडे वळला. मग म्हणाला, "दीदी, हाथ में लगी भी बहुत," आणि सुजलेली मूठ दाखवली. वहिनींनी आतून बर्फ आणवला.

थोड्या वेळानं संचालिकाबाई दारात आल्या. वहिनींकडे न बघता म्हणाल्या, "अंदर आइए, बच्चे इंतज़ार कर रहे हैं." शुक्रवारी त्यांनी सही केली, ती एवढ्या जोरानं की तक्ता खालच्या बाजूनं जरा फाटला. वहिनींनी तो चिकटपट्टीनं सांधला आणि विद्यापीठात नेऊन दिला. रविवारी त्या गेल्या. जूनमध्ये दोन्ही पदव्या पोस्टानं बंगळूरला पोचल्या.

परवा सेक्टर सतराच्या चौकात मला मेहर दिसली, आईचं बोट धरून कारंज्याकडे बघत होती. मी जवळ जाऊन विचारलं, "मेहर, वो मराठीवाली मैडम याद है?" तिनं माझ्याकडे पाहिलं, नाही म्हणून मान हलवली आणि पुन्हा कारंज्याकडे वळली. मला वाईट वाटलं. रात्री वहिनींचा फोन आला, तेव्हा सांगू की नको असं झालं, पण सांगितलं.

"विसरलीच पाहिजे," वहिनी म्हणाल्या. "घाबरली असती तर लक्षात राहिलं असतं. त्या दिवशी तेवढंच तर काम होतं माझं."

मी बरं म्हटलं. मग त्यांनी विचारलं, "केस वाढलेत का गं तिचे?"