मी फक्त प्रश्न विचारतेय

मुलांनो, परवा परदेशातून फोनवर तुम्ही विचारलंत, आमच्याकडे नंबर लावला की नर्स सांगते काय करायचं ते. मुलुंडला तशी सोय नाही का? मी "नाही" म्हणून विषय बदलला, कारण आजोबा शेजारीच बसले होते. पण उत्तर एवढं लहान नाही. आठवतंय तोवर लिहून ठेवते.

गेल्या वर्षीची एक संकष्टी. आजोबांचा उपास चंद्रोदयापर्यंत, पाण्याशिवाय काही नाही. मधुमेहाची गोळी मात्र त्यांनी सकाळी घेतली होती. गोळी म्हणजे काही अन्न नव्हे, ती उपासाला चालते, असा त्यांचा हिशोब.

दुपारी झोपेतून उठवायला गेले, तर शर्ट घामाने भिजलेला. मला त्यांनी त्यांच्या बहिणीच्या नावाने हाक मारली. जीभ जड झाली होती. मला वाटलं, पक्षाघात. सोसायटीच्या हॉलमध्ये एका डॉक्टरांनी बजावलं होतं, पक्षाघात झालेल्याच्या तोंडात पाणीसुद्धा घालू नका. पण रक्तातली साखर उतरली असेल तर? मग गोड द्यायलाच हवं. साखर तपासायच्या यंत्राच्या पट्ट्या संपलेल्या. अँब्युलन्स निघाली होती, पण एलबीएस रोडवर अडकली होती.

मी आपल्या नेहमीच्या ट्रस्टच्या हॉस्पिटलात, कॅज्युअल्टीला फोन लावला. पलीकडचा माणूस म्हणाला, फोनवर सल्ला देत नाही, पेशंट घेऊन या. मी पुन्हा लावला. या वेळी एका तरुण डॉक्टरीणबाईंनी उचलला. घाबरले की मला इंग्रजी सुटतं, तसं सुटलं.

"आजी, मराठीत सांगा. सावकाश."

मी सांगितलं.

"हे बघा, मी सल्ला देत नाहीये. मी फक्त प्रश्न विचारतेय. जेवलेत का ते?"

"संकष्टी आहे."

"आणि मधुमेहाची गोळी?"

गोळ्यांचं पाकीट उशाशीच होतं. सकाळची गोळी गेलेली होती.

"दोन्ही हात उचलतात? हातात पेला दिला तर स्वतः धरतील का? घोट गिळतील?"

मी त्यांना बसतं केलं. दोन्ही हात वर आले. रिकामा पेला त्यांनी धरला.

"घरात साखर आहे ना, आजी?"

एवढंच. पुढचं वाक्य ती बोलली नाही, आणि मी त्याची वाट पाहिली नाही. साखरेचं पाणी घोट घोट पाजलं. ठसका लागत नाही ना, हे प्रत्येक घोटानंतर थांबून बघत होते. फोन चालूच होता. बऱ्याच वेळाने आजोबांनी माझ्याकडे नीट पाहिलं.

"उपास मोडलास माझा."

"तरीही घेऊन याच," फोनमधून आवाज आला. "त्या गोळीने साखर पुन्हा उतरते."

हॉस्पिटलात सलाइन लागल्यावर मी तिला विचारलं, हे सरळ का सांगता येत नाही? ती म्हणाली, पूर्वी एका दात्याच्या देणगीतून फोनसाठी वेगळा डॉक्टर बसायचा. देणगी थांबली, पगार कोण देणार? फोनच्या सल्ल्याचं बिल तर करता येत नाही. त्यातच एका घराने पोलिसांत तक्रार केली, फोनवर ऐकून केलं आणि माणूस दगावला म्हणून. तेव्हापासून सल्ला बंद. काही झालं तर ट्रस्ट बाजूला राहील, नाव तिचं येईल.

मी म्हटलं, मी लिहून देते, जबाबदारी माझी.

"लिहून देणारे मग परदेशात मुलांना फोन लावतात, आजी. आणि मुलं वकिलाला."

मला हसू आलं नाही. त्या क्षणी ठसका लागला असता, तर तुमच्या बाबाने काय केलं असतं, मला खरंच सांगता येत नाही.

ती डॉक्टर आता दुसरीकडे गेली. 'फोनवर वैद्यकीय सल्ला मिळणार नाही' ही पाटी कॅज्युअल्टीत अजून आहे. आजोबा आहेत. संकष्टीही करतात, पण दूध-फळं खाऊन, आणि गोळीचं आधी डॉक्टरांना विचारून.