पाण्यात चावी

आमचं गाव संग्रामपूर तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी. वर डोंगरात पाऊस बदाबदा पडला की खाली आमच्या नदीला पूर येतो. त्या वर्षी ती थेट गल्लीत शिरली आणि दारासमोर उभी असलेली माझी कार बॉनेटपर्यंत बुडाली. सकाळी पाणी चाकांपर्यंत उतरलं तेव्हा अर्धी गल्ली तमाशा पाहायला जमलेली. त्यातला एक म्हणाला, "काय मास्तर, गाडी घेतली होती का तरंगणारा डोंगा?" सगळे खी खी हसले आणि माझं टाळकं सरकलं.

"आत्ता चालू करून दाखवतो," म्हणत मी आत बसलो. बाबा ओट्यावरून ओरडले, "नको बे, सुकू दे तिले!" मी चावी फिरवलीच. इंजिनातून एकदा खाट् आवाज आला आणि सगळं गप्प. मी शाळेत विज्ञान शिकवतो, बरं का.

मेकॅनिकनं ऐकून कपाळाला हात लावला. पाणी आत असताना चावी मारली की इंजिनाचा रॉड वाकतो म्हणे. खोलल्याशिवाय दिसत नाही, पण तसलं इंजिन कधी दगा देईल याचा नेम नाही. दुरुस्ती गाडीपेक्षा महाग. शेवटी मलकापूरच्या एकाला बोलावलं. जुन्या गाड्या तोडून सुटे भाग विकायचा त्याचा धंदा.

त्यानं दारं, सीट, काचा भराभर पाहिल्या. मग म्हणाला, "सर, बाकी समजलं मले. इंजिनाले गिऱ्हाईक हाय माह्याजवळ. अशीच गाडी भाड्यानं चालवते, दवाखान्यात पेशंट नेते. म्हणून इचारतो. पाण्यात चावी मारली का?"

"छ्या, हातबी लावला नाही," मी म्हणालो.

बाबा तिथंच खाटेवर बसले होते. जन्मभर त्यांनी बैलबाजार केला, पण खोड सांगितल्याशिवाय एकही दावं दुसऱ्याच्या हातात दिलं नाही. हा मारका हाय, हा वखराले बसते, असं आपणहून सांगायचं, मग भाव पडला तरी पडू दे. आई चिडायची, "बैल इकाले नेता का त्याची चुगली कराले?"

मलकापूरवाल्याला हे ठाऊक होतं. त्याच्या वडिलांनी बाबांकडून एक जोडी नेली होती. तो माझ्याकडे न पाहता म्हणाला, "आबाजी, तुमी सांगा. तुमी म्हणसान ते खरं."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी डोळ्यांनी त्यांना विनवलं. हो, विनवलं, सख्ख्या बापाला. ते म्हणाले, "नाही मारली."

"मंग इषयच संपला," तो म्हणाला. इंजिनाचा पुरा भाव देऊन तो गाडी टेम्पोला बांधून ओढत घेऊन गेला.

बाबा त्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशीही अर्ध्या ताटावरून उठले. "काय झालं रे यायले?" आई मलाच विचारायची. काय सांगणार, कपाळ! तिसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्यापुढे येऊन उभे राहिले.

"त्याले फोन कर. चावी मारली होती म्हणाव, इंजिनाचे पैसे वापस घेऊन जाय म्हणाव. त्या गाडीत बिमार माणसं बसतीन."

"करतो," मी म्हणालो. नंबर मोबाइलात होता. शाळेच्या मागं जाऊन काढला, पाहिला आणि मोबाइल पुन्हा खिशात टाकला. पैशांचं दुःख नव्हतं फारसं. मास्तर खोटारडा निघाला, हे मलकापूरभर झालं असतं, त्यानंच माझी पाचावर धारण बसली होती. संध्याकाळी बाबांनी दारातच अडवलं.

"केला?"

"हाव, केला."

"काय म्हणे?"

ते मी उभ्या उभ्या रचलं. "म्हणे, आबाजीले सांगा, फिकर करू नका. इंजिन भंगारात टाकतो, पैसे राहू द्या."

बाबा खाटेवर टेकले. "पुन्हा सांग बरं, काय म्हणे?" मी पुन्हा सांगितलं, एक शब्द इकडचा तिकडे न करता. त्यांचे डोळे भरून आले. आतल्या बाजूला तोंड करून म्हणाले, "वाढ वं, भूक लागली."

ते इंजिन कुणाच्या गाडीत बसलं, मला माहीत नाही. विचारायची हिंमत आजही होत नाही. तसली गाडी रस्त्यात बंद पडलेली दिसली की मी मान वळवून पुढं निघतो. थू माझ्या जिंदगानीवर! बाबा मात्र ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, आणि मी घरात असलो की जरा मोठ्यानंच सांगतात, "खोटं मी बोललो होतो बाप्पा. पण माह्या पोरानं फोन केला आन् खरं सांगतलं."

लोक माझ्याकडे कौतुकानं पाहतात आणि मी मान डोलावतो.