एकच मेल जायची राहिली

आज सकाळी आमच्या अलिबागच्या ऑफिसात हेडक्लार्क काका आले. परवाच काकू गेल्या. सुतक म्हणून ते दारातच उभे राहिले.

"माझी मेल जात नाय रे. बघ जरा."

ऑफिसच्या मेलचं काम माझ्याकडे असतं. पासवर्ड बदलला, व्हायरस तपासला, खात्री वाटेना म्हणून पुन्हा तपासला. काहीच नव्हतं. काकांनी दहाव्याचा निरोप ओळखीच्या सगळ्या पत्त्यांवर एकदम पाठवला होता. सर्व्हरला तो स्पॅम वाटला आणि त्याने काकांच्या जाणाऱ्या मेल बंद केल्या.

"पण निरोप तर सगळ्यांना पोचला, काका."

"पोरगा राह्यला. जहाजावर हाय, तिथं फक्त मेल पोचते. त्याला शेवटी, वेगळं लिहिणार होतो."

येणाऱ्या मेल सुरूच होत्या. मुलाची कालची मेल सगळ्यात वर दिसत होती. 'आईला सांगा, गणपतीला नक्की येतोय.'

दुपारी खातं सुरू झालं. मी काकांना आत बोलावून माझी खुर्ची दिली. त्यांनी कोऱ्या मेलवर मुलाचा पत्ता टाकला. मग म्हणाले, "पहिल्याच ओळीत लिहू, की आधी त्याची खुशाली विचारू?"

काका अजून तिथेच बसलेत. तुम्ही काय सांगितलं असतं?