वरची की खालची

“दोघी बहिणी भांडून राह्यल्या, मॅडम,” कॉम्प्युटरवाले दादा आमच्या डॉक्टरांना म्हणाले. सिंदीच्या आमच्या लॅबचा सर्व्हर सुरूच होत नव्हता. त्यातल्या वर-खाली बसवलेल्या दोन डिस्कवर रुग्णांचे सारखेच रिपोर्ट असायचे. आता त्या जुळत नव्हत्या. चुकीची डिस्क खरी धरली, तर तिची नक्कल दुसरीवर होऊन नवे रिपोर्ट पुसले जाणार होते.

एरवी दादा टेबलावर ठेका धरत काम करायचे. आज त्यांनी दोन्ही हात खिशात घातले.

“अंदाजानं बटन नाई दाबत मी. कोणती आधी बंद पडली, कोणाले काई आठवते काय?”

मी रोज सर्व्हरशेजारीच बसायचे. मला आठवत होतं, पण चुकले तर? कुणाकडेही न बघता दादा थांबून राहिले.

“दादा, वरची धरा,” मी म्हणाले. “खालचीचा दिवा दिवाळीपासून लागतच नव्हता.”