१,४२,८५७ आणि आमच्या घरातले सहा जण

बोलणारी माणसं किस्से सांगून मोकळी होतात. गप्प बसणाऱ्यांकडे ते साठत जातात. लग्न होऊन पोलादपूरला आले त्याला अजून वर्षही झालं नाही, पण माझ्याकडे ढीग आहे!

*

पहिल्याच हळदीकुंकवाला सासूबाईंनी कौतुकाने सांगितलं, "आमची सून गणितात एम.एस्सी. हाय."

शेजारच्या काकू म्हणाल्या, "बरं झालं गो, भाकऱ्या मोजायला माणूस मिळाला!"

सगळ्यात जास्त हसल्या त्या सासूबाईच.

*

नणंद दहावीला. तिला मी माझा लाडका आकडा दाखवला, १,४२,८५७. दोनने गुणलं की २,८५,७१४. तीनने, ४,२८,५७१. सहापर्यंत कशानेही गुणा, तेच सहा अंक, त्याच रांगेत. फक्त सुरुवात दुसऱ्याने करायची.

"आपल्या घरासारखं!" ती म्हणाली. घरात मी सोडून सहाच जण. "आणि सातने, वहिनी?"

"९,९९,९९९."

"ई! सगळे सारखेच?"

"सातवं कुणी आलं की होतात."

*

सासऱ्यांना शुभ आकड्यांचं वेड. त्यांनी लगेच अंकांची बेरीज केली. सत्तावीस, दोन नि सात नऊ! "सूनबाई, नव्या गाडीला हाच नंबर घेऊ!"

गाडीच्या नंबरात शेवटी चारच आकडे असतात, मी हळूच म्हटलं.

"मग काय उपयोग तुझ्या शिक्षणाचा?"

*

महाडच्या एका ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवायला माझी निवड झाली. घरून फक्त 'हो' हवं होतं.

सासरे म्हणाले, "बघू आता दिवाळीनंतर."

सासूबाई म्हणाल्या, "आता दिवाळीनंतर बघू."

नवरा म्हणाला, "दिवाळीनंतर बघू आता."

गुणाकार चालू होता!

*

दिवाळी झाली. सातव्यांदा विचारलं तेव्हा सगळे जेवायला बसले होते.

"नाय," सासरे म्हणाले. "नाय," सासूबाई. दिराने घास चावता चावता, "नाय." नवऱ्याने मोबाइलमधून डोकं वर न काढता, "नाय." नणंदेने बापाकडे पाहिलं, मग ताटाकडे. "नाय."

आजेसासूंना ऐकू कमी येतं. "काय म्हणते ही?" त्यांनी विचारलं, आणि उत्तराची वाट न बघताच म्हणाल्या, "नाय!"

मी आमटी वाढली.

*

कॉलेजात हजर व्हायचा शेवटचा दिवस. सकाळी नणंद पडवीत कॅल्क्युलेटर घेऊन बसलेली.

"वहिनी, आठने केलं तर गंमतच झाली! ११,४२,८५६. शेवटच्या साताचे सहा झालेत, नि एक पुढे जाऊन उभा राहिलाय. एक जण बाहेर पडलाय गो!"

आतून सासूबाई ओरडल्या, "कोण बाहेर पडलंय?"

नणंदेने माझ्या पायांकडे पाहिलं. मी चपलेचा पट्टा लावत होते.

"कोण नाय, आई," ती म्हणाली. "गणित करतेय."