हात कानाला पुरला नाही

नोकरीत चोऱ्या-माऱ्या, हाणामाऱ्या पुष्कळ पाहिल्या आणि निवृत्तीनंतर त्यातल्या बऱ्याचशा विसरलोही. पण एका मुलीचं खरं वय शोधण्यासाठी आम्ही अख्खं ठाणं कामाला लावलं होतं, ती घटना मात्र अजून मनात आहे. नावं कुणाचीच सांगणार नाही. मंडळी हयात आहेत, सुखात आहेत, आणि त्यांतली एक अजून दिवाळीला मला फोन करते.

मी तेव्हा उदगीर भागातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. जुलै महिना, सोयाबीनच्या कोळपणीचे दिवस. या दिवसांत शेतकरी ठाण्याची पायरी चढत नाही, त्याला मरायला फुरसत नसते. म्हणून सकाळी साडेआठला एक शेतकरी, त्याची बायको आणि त्याचा चुलतभाऊ आत आले, तेव्हाच ओळखलं की भानगड बांधाची नाही, घरातली आहे.

बोलत होता तो चुलतभाऊ. ग्रामपंचायतीची निवडणूक दोनदा हरलेला माणूस; कायदा आपल्याला पाठ आहे असं त्याला वाटायचं. "लिवून घ्या साहेब. पोरगी सतरा वर्सांची हाय. मोटार बसवायला आलेल्या वायरमननं फूस लावून नेली. हा बगा शाळेचा दाखला."

दाखल्यावर जन्मतारीख एक जून. हिशेब केला, सतरा पूर्ण होऊन महिना उलटला होता. वडील खाली मान घालून हातातली टोपी फिरवत होते. आई बाहेर व्हरांड्यात बसून राहिली.

मुलगी अठराच्या आतली असेल, तर पोलिसाला फार विचार करायला जागा नसते. ती आपल्या मर्जीने गेली का, हा प्रश्न मागे पडतो. अपहरणाचा गुन्हा नोंदवावा लागतो आणि मुलगा गजाआड जातो. मी गुन्हा नोंदवला, स्टेशन डायरीत नोंद घेतली आणि आमच्या जमादारांना तपासाला लावलं.

खबर अकराच्या सुमारास लातूरहून आली. तिथल्या विवाह नोंदणी कार्यालयाबाहेर अर्ज टाईप करून देणारा एक जण माझ्या ओळखीचा होता. लग्न करायला आलेल्यांपेक्षा त्यालाच जास्त उत्साह असायचा. तो फोनवर म्हणाला, "साहेब, तुमच्याकडचं एक जोडपं सकाळपासून हितं बसून राहिलंय. लग्नाची नोटीस द्यायला आले होते. पोरीच्या दाखल्यावर सतरा, म्हणून बाबूनं अर्ज परत केला. पोरगी ऐकंना. म्हणते, मी अठराची हाय, कागद चुकलाय. शेंगदाणे खाऊन राहिलेत दोघं, पण उठंनात."

मला तिथेच पहिली शंका आली. पळून गेलेली जोडपी मी रेल्वे स्टेशनवर पकडली आहेत, लॉजवर पकडली आहेत. पण विशेष विवाह कायद्याने लग्न करायचं म्हणजे मुलगा एकवीसचा, मुलगी अठराची पूर्ण हवी, आणि आधी नोटीस द्यायची. ती तीस दिवस फलकावर लागते, कुणालाही हरकत घेता येते. ज्याला पळायचं आहे, तो आपलं नाव महिनाभर सरकारी फलकावर कशाला लावेल?

दुपारी दोघांना ठाण्यात आणलं. जात वेगळी, म्हणून घरून होकार मिळणार नव्हता, हे उघडच होतं. मुलगा तेवीस वर्षांचा, त्याच्या वयाचा वाद नव्हता. जमादारांनी आवाज चढवून बघितला. पोरगा घाबरला, पण बोलणं बदलेना. "साहेब, मी हिला म्हणलो होतो, कागद जुळू दे, मग बघू. हिनं म्हणलं, आई सांगते ते खरं का कागद खरा?"

मुलगी मात्र घाबरली नव्हती. महिला पोलीस शिपाई शेजारी बसलेली, तरी ती माझ्याशीच बोलली. "आईनं सांगितलं मला. म्हणली, तू शिमग्याच्या सुमारास अठराची झालीस, आता तुझ्या मनाला येईल ते कर."

मी पेन खाली ठेवलं. सकाळपासून मी वडिलांचा जबाब घेतला होता, त्यांच्या चुलतभावाचा घेतला होता. त्याने तर न विचारताच दोन पानं भरवली होती. जिने त्या मुलीला जन्म दिला, ती सहा तास माझ्याच व्हरांड्यात बसलेली असताना तिला काही विचारायचं कुणाला सुचलं नाही. मलाही सुचलं नाही, आणि त्याची मला आजही लाज वाटते.

आईला एकटीलाच आत बोलावलं. चहा दिला. तो तिने पदराने बशी पुसून घेतला.

"ताई, मुलगी कुठं झाली तुमची?"

"माहेरी. धर्माबादला. पहिलं बाळंतपण न्हवं का?"

"केव्हा?"

"मिरचीचा हंगाम होता साहेब. बाजारात मिरची आली की दवाखान्यात पन ठसका लागतो. नर्सबाई शिंकत शिंकतच म्हन्ली, मुलगी झाली म्हनून." इतका वेळ दगडासारखी बसलेली बाई पहिल्यांदा हसली.

"मग दाखल्यावर एक जून कसा?"

"गुरुजी हात बघायचे. डोक्यावरून पलीकडच्या कानाला हात पुरला की सहा वर्सं झाली. हिचे हात आखूड. पुरला न्हाई. गुरुजी म्हन्ले, पुढल्या वर्सी आना. पुढल्या वर्सी पुरला, तर सहाची लिवली."

"सकाळी का नाही सांगितलंत?"

"ह्यांच्यापुढं कसं बोलू? आन् मला कुनी इचारलं बी न्हाई."

मी वरिष्ठांना फोन करून परिस्थिती सांगितली. मुलाला अटक केली नाही, नोटीस देऊन दुसऱ्या दिवशी हजर राहायला सांगितलं. मुलीला महिला आधारगृहात पाठवलं. सकाळी जमादार देगलूरमार्गे धर्माबादला गेले आणि मी उदगीरला राहणाऱ्या त्या निवृत्त गुरुजींकडे गेलो. गुरुजींनी सरळ जबाब दिला. "जन्माचा दाखला कोण आणत होतं, साहेब? शाळा जूनमध्ये उघडायची, मी सगळ्यांना एक जून लिहायचो. माझ्या हाताखालच्या अर्ध्या तालुक्याचा वाढदिवस एका दिवशी असतो." हे सांगताना त्यांना अपराधी वाटत होतं, की थोडा अभिमानही, ते मला कळलं नाही.

दुपारी जमादार परत आले. नगरपालिकेच्या जुन्या रजिस्टरात नोंद सापडली होती. आई-बापांची नावं बरोबर, दवाखाना तोच, महिना मार्च. त्या हिशेबाने मुलगी अठरा वर्षं आणि चार महिन्यांची होत होती. पण जमादारांचा चेहरा काही खुलला नव्हता. त्यांनी नक्कल माझ्यापुढे ठेवली. बाळाच्या नावाच्या रकान्यात नुसती एक आडवी रेघ होती.

साहजिकच होतं. दवाखान्याने कळवलं तेव्हा बारसं व्हायचं होतं. नंतर नाव लावायला कुणी गेलंच नाही.

वडिलांना बोलावलं, तर चुलतभाऊ सोबत आलाच. नक्कल बघून त्या माणसाच्या डोक्यात काय आलं असेल ते मला दिसत होतं. त्याने वडिलांना व्हरांड्यात नेलं. खिडकी उघडी होती. "सांग, पहिली पोरगी तान्हेपनी वारली. ही दुसरी. कागदावर नाव कुटं हाय? कोन बघाया जातंय?"

आई एक सांगणार आणि बाप दुसरं, म्हणजे प्रकरण कोर्टात अडकणार. तोवर मुलगा आत जाईल, मुलीला घरी नेऊन तिचं कुठेतरी लग्न उरकून टाकतील. बापाचं एक वाक्य पुरेसं होतं. मी त्याला एकट्याला आत घेतलं आणि नक्कल पुढे सरकवली.

"ही नोंद तुमच्या कोणत्या मुलीची?"

त्यांनी त्या रेघेवर बोट ठेवलं. "हितं नाव का न्हाई?"

"बारशाच्या आधीची नोंद आहे."

"बारशाला मी गेलतो," ते हळूच म्हणाले. "माझी बहीन कानात नाव सांगाया लागली, तर ही निस्ती रडून राहिली. मी घेतल्यावर गप झाली."

चुलतभाऊ दारातून डोकावला. "दादा, सांग की साहेबांना."

तेव्हा तो गरीब माणूस असा ओरडला की बाहेरचा संत्री आत आला. "गप रे! जित्या पोरीला मेली म्हनू?" मग माझ्याकडे वळून म्हणाले, "हीच हाय साहेब. माझीच. लिवा." त्यांनी जबाबावर सही केली. मी खिडकीबाहेर बघत राहिलो, कारण माझे डोळे भरून आले होते आणि खुर्चीवर बसलेल्या अधिकाऱ्याला ते शोभत नाही अशी तेव्हा माझी समजूत होती.

पुढचं सगळं कागदोपत्री झालं. गुरुजींचा जबाब, नगरपालिकेची नोंद, आई-बापांची प्रतिज्ञापत्रं, सरकारी वकिलांचं मत जोडून गुन्हा गैरसमजातून दाखल झाल्याचा अहवाल कोर्टात पाठवला. विवाह कार्यालयाने नोटीस घेतली. तीस दिवस ती फलकावर राहिली. चुलतभाऊ रोज जाऊन वाचत असेल, पण हरकत काही आली नाही.

या प्रकरणापासून मी एक सवय लावून घेतली. ठाण्यात घरातलं भांडण आलं की सगळ्यांत मागे, दाराजवळ जी बाई बसलेली असते, तिला आधी विचारायचं. कागद महत्त्वाचाच, त्यावाचून आमचं चालत नाही. पण तो कुणीतरी, कशावरून तरी लिहिलेला असतो. माझीही सरकारी जन्मतारीख एक जूनच. त्याच तारखेच्या हिशेबाने मी एकतीस मेला निवृत्त झालो, आणि त्या दिवशी आमच्या जिल्ह्यातले निम्मे कर्मचारी माझ्यासोबत हार घालून उभे होते. माझा खरा जन्म कधीचा, हे आईला विचारायचं राहून गेलं.

लग्नाच्या दिवशी माझी लातूरला कोर्टाची तारीख होती. ती आटोपून कार्यालयात डोकावलो. साक्षीदार तीन लागतात. आई होती, मुलाचा मामा होता, आणि तिसरा आमचा तो टायपिस्ट, नवीन शर्ट घालून. वडील आत नव्हते. बाहेर येऊन बघतो तर कडुनिंबाखाली, धुतलेली टोपी घालून उभे.

"अहो, आत चला. अजून रजिस्टर उघडं आहे. एक सही करा."

त्यांनी दाराकडे बघितलं. आतून लेकीचं हसू ऐकू येत होतं.

"माझी सही झाली की साहेब," ते म्हणाले. "तुमच्या ठान्यात."